आबांच्या मागचा काळा कागद

ऐंशीच्या दशकात मी जळगावच्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. फोटो छापायचा तर जस्ताचा ब्लॉक करून आणावा लागे, आणि ब्लॉकवाला पाचला दुकान बंद करी.

एका दुपारी चार वाजता अमळनेरजवळच्या खेड्यातले नवरा-बायको टेबलासमोर येऊन उभे राहिले. डोळे दाखवायला जळगावला आणलेले नवऱ्याचे वडील, आबा, आदल्या दिवशी बस स्टँडवरून हरवले होते. त्यांना अंधुक दिसे. गावाचे नाव कधी आठवे, कधी नाही.

मुलाने पिशवीतून फोटो काढला. खुर्चीत म्हातारा, डोक्यावर पांढरी टोपी. मागे त्याची बायको उभी, फिकट लुगड्यात. ती दोन वर्षांपूर्वी वारली होती.

आमच्या आर्टिस्टने भिंग लावले. "छापल्यावर टोपी आणि लुगडं एकच होणार. कपाळाच्या वर माणूस उरणार नाही. मागचं सगळं काळं करतो." त्याने पोस्टर कलरची बाटली उघडली.

"मागे माय शे मनी," मुलगा म्हणाला. "तिना हाऊ एकच फोटो शे."

"आबा पाहिजेत ना?" आर्टिस्ट म्हणाला.

स्टुडिओतून कॉपी काढून आणण्याइतका वेळ नव्हता, हे मी मुलाला सांगितले. त्याने घड्याळाकडे पाहिले आणि फोटो पुढे सरकवला.

ब्रश टेकणार तोच सून म्हणाली, "थांबा भाऊ! रंग कसाले? वरतून कागद ठेवा ना कापीसन."

"घ्या, आता तुम्ही शिकवा मला," आर्टिस्ट म्हणाला. पण ब्रश पाण्यात घातला.

फोटोपेपरच्या पाकिटातला काळा कागद एकच शिल्लक होता. त्याने आधी फोटोवर बटर पेपर ठेवून आबांची कड गिरवायला घेतली. खांदे झाले, कान झाले. टोपीपाशी पेन्सिल थांबली. तिथे कडच दिसत नव्हती. त्याने अंदाजाने टोपी काढली.

"हाई कोनी टोपी? पुढारीनी?" सून म्हणाली. तिने पिशवीतून सासऱ्याची दुसरी टोपी काढून नवऱ्याच्या डोक्यावर चढवली, तिरकी केली, पुढचे टोक बोटाने दाबले. "अशी. रोज मीच धुस."

आर्टिस्टने फोटो सोडून मुलाकडे बघत ती रेघ काढली. मग ब्लेडने काळ्या कागदात आबांचा आकार कापला आणि कागद फोटोवर बसवून कोपरे चिकटवले. आई दिसेनाशी झाली, टोपी उठून दिसू लागली. मुलगा खिडकीकडे वळला. पावणेपाचला मी फोटो घेऊन सायकलवर टांग मारली.

फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. दुपारी पहूरच्या एका हॉटेलवाल्याचा फोन आला. "चेहरा काही कळत नाही तुमच्या छपाईत. पण टोपी हीच. तो म्हातारा सकाळपासून माझ्या बाकड्यावर बसलाय."

धर्मशाळेत थांबलेल्या मुलाला मी निरोप पाठवला. दोघे धावत आले. पहूरची गाडी सुटायला दहा मिनिटे होती.

"आधी फोटो द्या," सून म्हणाली.

मुलाने नखाने एकेक कोपरा सोडवला, कागद उचलला, आई पाहिली. फोटो बायकोकडे देऊन तो जिना उतरला.

कागद माझ्या टेबलावर राहिला. आर्टिस्टने तो खिडकीसमोर धरला. टोपी घातलेल्या माणसाच्या आकाराचा उजेड आत आला.

"डावा कान जरा जास्त कापला गेला," तो म्हणाला.