संशयमामांची मांजर

कोंबड्यांच्या फार्मवरच्या राखणदाराला सगळे संशयमामा म्हणत. दूधवाला हसला, तरी मामा आधी दुधाकडे बघत. शेडमधल्या कोंबड्या बर्ड फ्लूने पटापट मेल्या, तेव्हा त्यांनी कावळ्यांपासून मालकाच्या मेव्हण्यापर्यंत सगळ्यांवर डोळा ठेवला. फक्त उशाशी झोपणारी मांजर सुटली. आणि एके दिवशी तीच शिंकली.

मामी म्हणाल्या, "जन्मभर माझ्यावर संशय घेतलात, आता जरा लाडकीवरही घ्या!"

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी मांजरीच्या नाकातला नमुना घेतला. मामांनी विचारलं, "पक्ष्याचा रोग हिला कसा होईल?"

"मेलेली कोंबडी खाल्ली असेल. पक्ष्याचं अंग जास्त गरम, विषाणूला त्याच उबेची सवय असते. पण स्वतःच्या नकला काढताना तो चुका करतो. एखादी चूक त्याच्या पथ्यावर पडली, तर तो मांजरीच्या थंड नाकातही जोमाने वाढू लागतो. मग माणसाचं नाक काय लांब आहे?"

मांजर पिंजऱ्यात गेली. मामा तपासणी करून घेऊन वेगळ्या खोलीत राहिले आणि स्वतःच्या प्रत्येक शिंकेची उलटतपासणी घेऊ लागले.

मांजर हळूहळू सावरली. मामांना काही झालं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हिच्यात विषाणू होता, पण तसा बदल अजून दिसला नाही."

"सुटलो बाई!" मामी म्हणाल्या.

मामांचे डोळे बारीक झाले. "अजून?"

नव्या कोंबड्या यायच्या आत मामांनी शेडची भोकं जाळीने बुजवली. मांजर आता जाळीबाहेर बसून मामांकडे अगदी मामांच्याच नजरेने बघते.