कुंकू लावलेली करवत

जिने सरळ रेघ कापली जात नाही, अशी करवत मी पास केली. सही माझी आहे. त्या सहीची मला आजही किळस येते.

अमरावतीत आमच्या गटाने सुतारांना अवजारं मिळावीत म्हणून वर्षभर निवेदनं दिली, पत्रकं वाटली. पत्रकं मीच लिहायची. सरकारी योजना मंजूर झाली तेव्हा नमुना पाहायच्या समितीत आम्हा दोघांना घेतलं, आमचे अध्यक्ष भाऊ आणि मी. कार्यालयातल्या टेबलावर लाल कापड, त्यावर पेटी: रंधा, पटाशी, हातोडा, गुण्या, करवत. यादीत जेवढं होतं तेवढं पेटीत होतं. कोणीतरी नारळ फोडला. भाऊंनी करवतीला हळदकुंकू वाहिलं, फोटो निघाले, पोहे आले. करवतीला कुंकू लावलं, पण लाकूड लावून पाहिलं नाही. त्या खोलीत लाकडाचा तुकडाच नव्हता आणि तो आणा असं आमच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नाही. अवजाराची पूजा झाली म्हणजे तपासणीही झाली, असं आपल्याकडे कसं कोण जाणे पक्कं बसलंय.

आमच्या निवेदनावर पहिली सही करणारे चाचा अकोल्याच्या जुन्या शहरात सागवानी कपाटं आणि पेट्या करतात. वय साठीच्या पुढे. चिखलदऱ्याच्या हॉटेलांचं फर्निचर करण्यात त्यांची बरीच वर्षं गेली. आता गुडघे घाट चढू देत नाहीत. अमरावतीच्या प्रशिक्षण केंद्रात सुतारकाम शिकवायची जागा निघाली होती आणि चाचांना ती हवी होती. बसून करायचं काम, शिवाय हातातली विद्या कोणाला तरी देता येईल. त्यासाठी कारागिराचं प्रमाणपत्र लागणार होतं. परीक्षा एकच: दोन फळ्यांचा कोपरा डव्हटेलच्या सांध्याने जोडून दाखवायचा, तोही योजनेतल्या अवजारांनीच.

डव्हटेल म्हणजे एका फळीच्या टोकाला पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखे दात आणि दुसरीत त्याच मापाच्या खाचा. नीट बसला तर खिळा नको, डिंक नको. चाचा तो झोपेत कापतील. म्हणून मी पेटी घेऊन मोठ्या ऐटीत अकोल्याला गेले.

चाचांनी करवत बाहेर काढली, एक डोळा मिटून तिच्या धारेवरून पाहिलं, पातं दोन बोटांनी हलवलं. ते पत्र्यासारखं लडबडलं.

"हे काय आनलं बेटा?"

"करवत, चाचा."

"करवत? यानं जळतन कापतेत. कोनं पास केली?"

मी सांगितलं.

"पाहून केली का न पाहता?"

"पाहून."

"मंग तर जास्तच वाईट."

त्यांनी स्वतःची करवत माझ्या हातात दिली. आखूड, पातळ पातं. ते वाकू नये म्हणून पाठीवर पितळेची जाड पट्टी. दात इतके बारीक की आधी बोटाला समजले, मग डोळ्यांना. डव्हटेलचा काप लाकडाच्या रेषांच्या दिशेने उभा जातो, म्हणून दातही उभं चिरायला घासलेले. ते बाहेर वाकवलेले जेमतेम, म्हणजे चीर केसाएवढी पडते.

"मुठीत आवळू नको. हे बोट सरळ ठेव, जिकडं जायचं तिकडं. अन् दाबू नको. वजन तिचं तिले हाय, तू फक्त रस्ता दाखव. रेघ कापू नको, रेघ राहू दे. जो तुकडा फेकायचा त्याच्या अंगानं चाल."

माझ्यासारखीच्या हातानेही चीर बरी गेली. मग तोच काप आमच्या करवतीने मारला. ती सुरुवातीलाच उडाली, मग रेघ सोडून तिरपी घुसली, आणि चीर पडली आगपेटीच्या काडीएवढी. ही आमची चळवळ. हे आमचं यश.

"आता रडून काय करतं?" चाचा म्हणाले. "तिकोनी कानस दे इकडं."

पुढचे दोन दिवस त्यांनी आमच्या करवतीचे ते मोठे दात घासून सपाट केले आणि त्याच पात्यावर एकेक बारीक दात नव्याने पाडला. जुन्या दरवाज्याची पितळी पट्टी दुमडून पाठीवर ठोकली. करवत कामाची झाली.

परीक्षा पाहायला भाऊ आणि मीही गेलो होतो. चाचांच्या शेजारच्या टेबलावर एका गड्याने तीच करवत तशीच चालवली. सांध्यात फटी पडल्या, त्यात त्याने डिंक आणि भुसा कोंबला, वरून पॉलिशपेपर मारला. परीक्षकांनी अंगठा फिरवून म्हटलं, "छान." चाचांनी डिंकाला हातही लावला नव्हता. एक फळी धरून उचलली की दुसरी सोबत उठत होती. परीक्षकांनी सांध्याकडे पाहिलंच नाही, करवतीकडे पाहिलं.

"हे साधन बदललंय."

"बदललं नाई साहेब, सुधरवलं."

"फेरफार केलेलं साधन चालत नाही. अपात्र."

मी उठून म्हटलं, "करवतच चुकीची आहे. नमुना मी पास केला होता, न वापरता."

भाऊंनी माझी ओढणी ओढली. "ताई, बस ना खाली. काहून तमाशा करून राहिली? संध्याकाळी सत्कार हाय."

"कोणाचा?"

"आपलाच."

मी सत्काराला गेले नाही. मी समितीत काय केलं आणि काय केलं नाही ते लिहून, सही करून कार्यालयात दिलं. भाऊंनी मला गटातून काढलं. त्याचं पत्रक मात्र त्यांना स्वतःला लिहावं लागलं. महिन्याभराने कार्यालयाचं उत्तर आलं: चाचांना फेरपरीक्षा देता येईल, न उघडलेल्या नव्या पेटीसह. केंद्रातली जागा अजून रिकामी होती.

मी पत्र घेऊन पुन्हा अकोल्याला गेले. चाचा कामाच्या बाकावर फळी लावत होते.

"पेटी नवी. अन् करवत?"

"तीच."

"केंद्रात पोरायले कोनती देतीन?"

"तीच, चाचा. सगळीकडे तीच गेली आहे."

त्यांनी हातातली फळी बाजूला ठेवली.

"मंग मी तिथं बसून काय शिकवू? भुसा भराले?" पत्र त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "लिही, येत नाही. बाकी काई लिहू नको."

मी लिहिलं, येत नाही. मग त्यांना न विचारता खाली करवतीचं सगळं लिहिलं: पातं, दात, चीर. चाचांनी चष्मा लावून वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवलं.

"'दात मोठे' लिहून ते काय समजतीन? वाकवलेले जास्त हायेत, हेही लिही."

मी ते घातलं. त्यांनी उर्दूत सही केली.