भिंतीवरचे तट्टे

उपचारांत माझ्या बायकोचे, वसुधाचे केस गेले, तेव्हापासून ती परसात यायची बंद झाली. डोक्याचा रुमाल ती माझ्यासमोरही सोडत नसे. मागची भिंत जेमतेम छातीएवढी. "कुणी बघत नसलं तरी बघतंय असं वाटतं रे," ती म्हणाली. म्हणून मी भिंतीवर लोखंडी अँगल बसवले आणि बांबूचे तट्टे आणले.

पहिला तट्टा उचलतोय, तोच पलीकडून शेजारचे देसाई आले. वीस वर्षं याच भिंतीवरून आमच्या गप्पा चालल्या होत्या. "आमचं काही चुकलं का?" त्यांनी विचारलं. मी खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "एकट्याला नाही जमायचं. इकडून मी धरतो."

मी तारेने आवळत गेलो, ते धरत गेले. एकेका तट्ट्यामागे त्यांचा चेहरा झाकला जात होता आणि तो झाकायला ते स्वतःच हात लावत होते. शेवटी नुसता आवाज आला, "वहिनी, या आता उन्हात. मी आत चाललो." त्यांचं दार लागल्याचं ऐकू आलं.

वसुधा बाहेर आली. तिने रुमाल सोडला. डोक्यावर बारीक, मऊ लव उगवली होती आणि सकाळचं ऊन तिच्यात अडकून चमकत होतं. तिने डोळे मिटून मान मागे टाकली. लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं.