डोळ्यांवर दोन्ही हात

बॅडमिंटनच्या लाइन जजला तीन खुणा येत असल्या की पुरतं. शटल आत पडलं, तर उजवा हात रेषेकडे करायचा. बाहेर पडलं, तर दोन्ही हात आडवे पसरून मोठ्याने ‘आउट’ म्हणायचं. आणि दिसलंच नाही, तर दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवायचे. मी एडमंटनमध्ये सात वर्षं हौसेने हे काम करते आहे. क्लबच्या सामन्यांत तिसरी खूण फारशी कोणी करत नाही; लोकांना त्यात कमीपणा वाटतो. मला वाटत नाही. माझी नोकरी माती तपासण्याच्या लॅबमधली आहे आणि तिथे जे मोजलेलं नाही ते लिहीत नाहीत.

आमच्या घरी एका जपानी खेळाडूच्या सामन्यांची वही आहे. तिचं नाव इथे देत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. मुलगी आठ वर्षांची असताना एका पहाटे आम्ही दोघींनी तिचा सामना कॉम्प्युटरवर पाहिला. डावखुरी, शांत, पॉइंट हरली तरी न चिडता नीट चालत जागेवर जाणारी. ती एका कंपनीच्या संघाची होती. सकाळी ऑफिसात काम आणि दुपारनंतर सराव, असं मुलीने कुठेतरी वाचलं होतं. मोठी स्पर्धा तिने कधी जिंकली नाही. देशाच्या संघात आली, वगळली गेली, खांद्याचं ऑपरेशन झालं, परत आली. प्रत्येक सामन्यातल्या रॅलींचे फटके मोजून मी वहीत लिहीत गेले. नवरा म्हणायचा, “अगं, तिच्या कोचकडेसुद्धा एवढा हिशोब नसेल.”

मागच्या वर्षी तिने हा शेवटचा सीझन असल्याचं जाहीर केलं आणि त्याच वर्षी जूनमध्ये ती आमच्या शहरात खेळायला येणार असल्याचं कळलं. मुलीची बारावीची परीक्षा तेव्हाच. गुरुवारी एक पेपर, शुक्रवारी सकाळी शेवटचा. म्हणून आम्ही शनिवारचं, सेमीफायनलचं तिकीट काढलं. तिला शनिवारपर्यंत टिकायचं होतं, बस. मुलीने नऊ वर्षांत तिला एकदाही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

या स्पर्धेत मीही लाइन जज होते, आणि गुरुवारी मला तिच्याच सामन्याची ड्यूटी लागली. मी रेफरीकडे जाऊन सांगितलं, की या खेळाडूची मी चाहती आहे, घरी वहीसुद्धा आहे. तो हसला. म्हणाला, चाहते नसलेले लाइन जज शोधले तर खुर्च्या रिकाम्या राहतील. तुमचा देश वेगळा आहे ना, मग जाऊन बसा.

बसले. तिच्या बाजूची मागची रेषा माझ्याकडे होती. कोर्टावर येताना ती वाकून नमस्कार करायची, ते स्क्रीनवर शंभर वेळा पाहिलेलं होतं. पण तिच्या बुटांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

तिसरा गेम, एकोणीस-वीस. मॅच पॉइंट तिच्या विरुद्ध. लांबलचक रॅली झाली आणि समोरच्या मुलीने शटल उंच मागे टाकलं, माझ्याच कोपऱ्यात. ती बॅकहँडला झेपावली, शटल रॅकेटला न लागता वरून निघून गेलं आणि तिच्या पाठीमागे पडलं. माझ्या आणि रेषेच्या मध्ये तिची पाठ होती.

शटल बाहेर गेलंय असं मला वाटलं. अगदी आतून वाटलं. पण बाहेर जावं असंही मला वाटतच होतं, आणि ही दोन वाटणं मला वेगळी करता येईनात. मी दोन्ही हात डोळ्यांवर ठेवले.

अंपायरलाही दिसलं नव्हतं. व्हिडिओ रिव्ह्यूची सोय फक्त मधल्या कोर्टावर होती. त्याने ‘लेट’ दिला, म्हणजे तोच पॉइंट पुन्हा. त्या पॉइंटला तिचा स्मॅश नेटमध्ये गेला आणि सामना संपला. तिने अंपायरशी हात मिळवला, कोर्टाला वाकून नमस्कार केला आणि बॅग उचलली.

घरी पोचले तर मुलगी फोन घेऊन दारातच उभी. पेपर देऊन आल्यावर तिने सगळा सामना पाहिला होता.

“आई, इट वॉज आउट! हे बघ स्लो मोशन. टू फिंगर्स!”

मी बघितलं. दोन बोटं बाहेर.

“मग तू ‘आउट’ का नाही म्हणालीस?”

“मला दिसलं नाही.”

“पण तुला वाटलं तर असेल ना?”

“वाटलं.”

“ओ माय गॉड, आई!”

ती खोलीत गेली. नवरा वरण गरम करत होता. म्हणाला, “वीस-वीस झालं असतं. जिंकली असतीच असं नाही.” हे बरोबर होतं, पण मला त्याचा काही उपयोग झाला नाही.

शुक्रवारी दुपारी माझी ड्यूटी होती. पेपर झाल्यावर मुलगी सरळ हॉलवर आली. रागावलेली होती, तरी आली. माझा सामना आटोपला तेव्हा तिने मला कोपराने ढोसलं. समोर चौथ्या रांगेत आमची खेळाडू बसली होती, संघाच्या जॅकेटमध्ये, केळं खात, आपल्या देशाच्या डबल्सच्या मुलींसाठी टाळ्या वाजवत. विमान शनिवारचं असावं.

मुलगी तिच्याकडे गेली. मी दोन पावलं मागे. काय बोलायचं ते मुलीला सुचेना, म्हणून तिने माझ्याकडेच बोट केलं आणि इंग्रजीत म्हणाली, “ही माझी आई. कालची लाइन जज. सॉरी.”

तिने माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि केळं मांडीवर ठेवून दोन्ही तळहात स्वतःच्या डोळ्यांवर घेतले. मग बोटांच्या फटीतून बघत हसली. तुटक इंग्रजीत म्हणाली, “माझी पाठ. मलाही दिसलं नाही.”

मुलगी म्हणाली, “ते आउट होतं. मी व्हिडिओ पाहिला.”

“हो? किती?”

मुलीने दोन बोटं दाखवली. तिने ती बोटं नीट निरखली, मान हलवली आणि शेजारची खुर्ची मोकळी करून दिली. पुढची चाळीस मिनिटं दोघी डबल्स बघत बसल्या. फारसं बोलल्या नाहीत. मी पुढच्या ड्यूटीला गेले.

घरी येताना LRT ट्रेनमध्ये मुलगी म्हणाली, “शी इज सो शॉर्ट, आई! टीव्हीवर उंच वाटते.” मग थोड्या वेळाने, “तू काल मोजलेस का फटके?”

नव्हते मोजले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच. रात्रीच्या जेवणाआधी तिने व्हिडिओ लावून त्या रॅलीचे फटके मोजले. एकतीस. वहीत तिनेच लिहिले, शेजारी ‘आउट, दोन बोटं’ असं लिहिलं आणि वही माझ्यापुढे सरकवली. मी खाली एक ओळ घातली: व्हिडिओवरून. लाइन जजला दिसलं नाही.

“आणि तिलाही,” मुलगी म्हणाली. मी तेही लिहिलं.