दाताला न चिकटलेला डिंक

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही—तिथेही मी विषय बदलत असे. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा एकीला सांगितली, मग दुसरीला, आणि आता तुम्हाला सांगते. बसा जरा. मी आडवळणाने जाणार आहे. सरळ सांगायची सवय असती तर ही वेळ आली असती का?

तुम्ही इंग्लंडातल्या या रीडिंग गावच्या मराठी मंडळींपैकी असाल तर माझे लाडू तुमच्या घरी येऊन गेले असतील. इकडे कुणाकडे बाळ झालं की फोन येतो. आईचा व्हिसा अडकलेला असतो, किंवा आई येऊन परत गेलेली असते. नवरा बिचारा एका हाताने बाळ आणि दुसऱ्या हाताने करपलेली खिचडी सांभाळत असतो. मग मी जाते. डिंकाचे लाडू, हळिवाचे लाडू, जेवणानंतर चघळायला बाळंतशेपा. लाडूआजी म्हणतात मला. कौन्सिलची माणसं येऊन माझं किचन तपासून शाबासकी देऊन गेली आहेत. धंदा चांगला चालला. फार चांगला चालला—तेच तर.

हा धंदा सुरू व्हायच्या आधी मी पन्नाशीला आलेली बाई होते. साडीवर कार्डिगन, केस कुरळे करून घेतलेले—कुणी सांगितलं होतं, देव जाणे—आणि आपल्याला धंद्यातलं कळतं अशी ठाम समजूत. काय काय केलं होतं त्या बाईने. आधी कोल्हापुरी चपला मागवल्या. या देशात, या पावसात, कोल्हापुरी चपला. गराजमध्ये त्यांना बुरशी आली आणि आमच्या गाडीलाही तो वास लागला. मग मोत्यांचे दागिने. बायका यायच्या, घालून बघायच्या, चहा प्यायच्या, पोहे खायच्या आणि जायच्या. आमचे हे म्हणाले, "शैला, तू सरळ पोहेच विक." मी दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. आज वाटतं, ते धंद्यातलं माझ्यापेक्षा जास्त जाणत होते.

आमच्यापासून दोन घरं सोडून नलू राहायची. तिचे यजमान हॉस्पिटलात नोकरीला. नलू माझी इथली पहिली मैत्रीण—कुठली भाजी कुठे मिळते, बॉयलर बंद पडला की कुठे लाथ मारायची, सगळं तिने शिकवलं. बोलायची कमी. एकदा तिला बसस्टॉपवर एक नागपूरची मुलगी भेटली, कडेवर तान्हं मूल. काय खातेस म्हणून विचारलं तर म्हणाली, सकाळी टोस्ट, संध्याकाळी टोस्ट. नलूच्या ते डोक्यात बसलं. चार दिवसांनी ती स्टीलच्या डब्यात डिंकाचे लाडू घेऊन माझ्याकडे आली आणि तिने सगळं सांगितलं. बाळंतिणीचा डबा. काय द्यायचं, किती दिवस द्यायचं, हळिवाचे लाडू टिकत नाहीत म्हणून ते थोडे थोडे करायचे, डिंकाचे जास्त. सगळा विचार करून आली होती.

आणि म्हणाली, "तू खरं सांगशील म्हणून तुझ्याकडे आणलेत. बाकीच्या तोंडदेखलं गोड बोलतील."

ती बोलत होती तेव्हा माझ्या पोटात दुखायला लागलं. अगदी खरं. मी चपला आणि मोत्यांत आपटले, आणि ही बसस्टॉपवर उभी राहून—बसस्टॉपवर—इतकं साधं, इतकं बरोबर काहीतरी उचलून घेऊन आली होती. मला का नाही सुचलं? त्या बसने तर मीही जात होते.

लाडू खाल्ला. डिंक असा फुलला होता की दाताखाली कुरकुरला आणि विरघळून गेला. खारीक बारीक, जायफळ जेमतेम. मी चावत राहिले. आणि मग—आता आलेच आहे तिथे, तर सांगून टाकते—मी जीभ दातांवरून फिरवली. काहीतरी अडकल्यासारखी. गालात बोट घातलं. लहानपणी शाळेच्या नाटकात मला कधी काम मिळालं नाही. ते इथे केलं, आणि चोख केलं.

"डिंक कच्चा राहिलाय गं," म्हटलं. "दाताला चिकटतो."

नलूने लगेच एक लाडू तोंडात टाकला. सावकाश चावला. तिनेही जीभ फिरवली. "हो, चिकटतोय वाटतं," म्हणाली. मी सांगितलं म्हणून तिला तो चिकटला. आहे की नाही गंमत?

तेवढ्यावर थांबले असते तर निदान थोडी लाज उरली असती. मी पुढे म्हटलं, "आणि बाळंतिणीच्या तोंडच्या घासाचे पैसे घेणार तू? लोक काय म्हणतील?" आपल्याकडे बाळंतिणीला करून नेतात, विकत नाहीत. हे तिलाही माहीत होतं, मलाही. कुठे बोट ठेवलं की दुखेल, ते मैत्रिणीला बरोबर ठाऊक असतं. नलूने डब्याचं झाकण लावलं. "बरं झालं तुला विचारलं," म्हणाली.

पुढच्या वर्षी तिच्या यजमानांची बदली झाली आणि ते कार्डिफला गेले. त्यानंतर माझी सून बाळंत झाली, ईरा जन्मली, आणि मी डिंक फुलवायला घेतला. नलूचंच सगळं—हळिवाचे थोडे, डिंकाचे जास्त. विचारलं कुणी की सांगायचं, नातीचं तोंड बघितलं आणि सुचलं. इतक्या वेळा सांगितलं की मलाच डोळ्यांपुढे दिसायला लागलं. नलूला फोनवर म्हटलं, मी नको नको म्हणते, लोक बळेच पैसे देतात. तर ती म्हणाली, "तुला जमतं शैला. माझ्याने झालं नसतं." वर आभार मानायची. दर दिवाळीला. मी तिला तोंडघशी पडण्यापासून वाचवलं म्हणून.

तिची मुलगी अस्मिता बाळंत झाली तेव्हा नलूने लाडू माझ्याकडून मागवले. स्वतःच्या मुलीसाठी. "माझा डिंक चिकटतो," म्हणाली. मी पार्सल बांधलं. छान रिबिन लावली.

इतकी वर्षं गेली. आता ईरा मँचेस्टरला शिकते आणि तिला स्वतःचा धंदा काढायचाय. सुट्टीत आली, लॅपटॉप उघडून माझ्यासमोर बसली. "आजी, right आयडिया कशी ओळखायची? तुला कशी कळली?" आणि पहिली ओळ तिने आधीच टाइप केली होती—माझ्या आजीचा बिझनेस माझ्यामुळे सुरू झाला. इंग्रजीत ते आणखी गोड दिसत होतं.

मला खरं उत्तर येत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना पोटात दुखलं, की समजायचं ती कल्पना बरोबर आहे. पण हे सांगायचं तर नलूला आधी सांगायला नको? म्हटलं, थांब बाळ, आधी मला कार्डिफला जाऊन येऊ दे.

गेले. नलूच्या किचनमध्ये बसले आणि तुम्हाला सांगितलं तसंच सांगितलं, फक्त आडवळणाशिवाय. ती ऐकत होती. हातातलं फडकं तिने घडी करून पुन्हा उघडलं.

"चिकटला नव्हता?"

"नाही."

"मग अस्मिताच्या वेळी मी—" म्हणाली, आणि थांबली.

मग उठली, केटल लावली, एकच कप काढला. चहा केला, बसून प्यायली. मी समोर होते. कप धुऊन ठेवला आणि विचारलं, "ट्रेन कितीची आहे तुझी?" मी सांगितली. "मग निघ आता," म्हणाली.

परत येताना ट्रेनमध्ये मला झोप लागली. खरं सांगते, इतकी गाढ की शेजारच्या बाईने रीडिंग आल्यावर हलवून उठवलं. नलूच्या घरी त्या रात्री काय झालं मला माहीत नाही, आणि मी मात्र घोरत आले. हे बरं दिसत नाही, कळतं मला. पण हलकं वाटलं ते वाटलं. ते लपवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू.

दुसऱ्या दिवशी ईराला सांगितलं. तिने लॅपटॉपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे माझ्यामुळे नाही सुचली?"

"नाही गं. एका बसस्टॉपमुळे. आणि तिथे मी नव्हते, नलू होती."

तिने ती ओळ पुसली. मग विचारलं, "नलूआजीचा लाडू, तो कसा होता?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. कसं विचारणार? मी सांगितलं. डिंक छान फुलला होता. दाताला अजिबात चिकटला नाही. तसा मला अजून जमलेला नाही.