पत्र्यातला पंखा

चहा घ्या आधी, आणि घोट नीट गिळून घ्या. मध्येच हसू आलं तर ठसका लागेल, आणि ठसक्याचं नाव काढलं की आमच्या घरात आजही सगळे माझ्याकडंच बघतात! का बघतात ते सांगतो. नाहीतरी मी नाही सांगितलं तर आमची ही सांगणारच आहे, आणि ती जरा जास्तच रंगवून सांगते.

मी वरवे बुद्रुकचा. नाव दत्ता. मोबाईल यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा मी गावाजवळच्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचो. घर आमचं कौलारू. पण दर साली वानरांची टोळी यायची आणि कौलांवर असा धुडगूस घालायची, की पावसाळ्यात घरभर पातेली मांडून बसावं लागायचं. मी म्हटलं, बास झालं! कौलं उतरवली आणि वर पत्रा टाकला. असा चकचकीत, की दुपारी डोळे वर करून बघायची सोय नाही.

पावसाळा झकास गेला. थंडीही झकास गेली. होळी पेटली आणि तिच्याबरोबर आमचं घरही पेटलं म्हणायचं! दुपारी पत्रा तापून कडकड वाजायचा. माठातल्या पाण्याला हात लावला तर आंघोळीला काढल्यासारखं वाटायचं.

आईनं चार दिवस सहन केलं. मग एका दुपारी तिनं लुगड्यांचं गाठोडं बांधलं.

"दत्त्या, म्या काय पापड हाय का रं? दोनी अंगानं भाजाय लागलाईस."

"अगं आई, जरा दम धर. करतो काहीतरी."

"तू करूनच ही येळ आली न्हवं? म्या चालले दादाकडं. घर गार झालं की निरोप धाड."

दादा म्हणजे माझे मामा. ते राहतात वेल्ह्याच्या अंगाला, डोंगराच्या पोटात. जुनं कौलारू घर, जाड भिंती, पुढं फणसाची सावली. आई नसरापूरहून गाडीत बसली आणि गेली.

आता गावाचं कसं असतं, तुम्हाला माहीतच आहे. दुसऱ्या दिवशी दाढी करायला गेलो तर तिथं चर्चा चाललेली, की दत्तानं आईला घराबाहेर काढलं! मी म्हणतोय, "अहो मी नाही, पत्र्यानं काढलं!" पण ऐकतंय कोण? खरं सांगू, गावाच्या बोलण्याचं तेवढं नाही लागलं. पण संध्याकाळी कामावरून आलो की ओट्यावर कोणी नसायचं. 'आला का रं?' एवढं विचारायलासुद्धा कोणी नाही. ते फार लागायचं मला. आईला परत आणायचीच, असं मी मनाशी पक्कं केलं.

आणि मला उपाय दिसला. कुठं? आमच्याच कारखान्यात! शेडच्या छपराला वर एक मोठा पंखा बसवलेला होता. शेडवर पत्राच, तरी खाली कामगार आरामात. मी म्हटलं, अरे, हे इतके दिवस डोक्यावर फिरतंय आणि डोक्यात कसं आलं नाही?

लगेच भोर गाठलं. बाजारातल्या दुकानात सांगितलं, "छपराला बसवायचा पंखा द्या. घर गार करायचंय."

दुकानदारानं खोक्यातून एक जाडजूड लोखंडी पंखा काढला. "ह्यो घ्या एक्झॉस्ट. घरात जे नको असंल, ते भाईर काढून फेकतो बघा."

"कसा काय?"

"कसा म्हंजे? त्याचं कामच ते हाय."

मी समजल्यासारखी मान डोलावली. ही माझी जुनी खोड आहे. समोरचा ठासून बोलला की मला सगळं समजल्यासारखं वाटतं.

पंखा मांडीवर घेऊन यष्टीनं घरी आलो. बसवायला माझा दोस्त रफीक. रफीक भोरचा, शाळेपासूनचा मित्र, लाइटफिटिंगची कामं करायचा. हात चांगला, पण असला पंखा त्यानंही कधी बसवला नव्हता. आढ्याजवळ पत्रा कापला, लाकडी चौकट ठोकली, त्यात पंखा बसवला. पावसाचं पाणी येऊ नये म्हणून वर पत्र्याची टोपी केली. खाली निम्मी आळी जमलेली. मी स्वतः बटण दाबलं.

घर्रर्र! पंखा सुरू! मी आणि रफीक त्याच्या बरोबर खाली चटईवर उताणे पडलो, डोळे मिटून, वाऱ्याची वाट बघत.

वाराच नाही!

"रफीक, लागतंय का रे काही?"

"न्हाई बा. तुला?"

"मलाही नाही."

मी उठून वहीचा एक कागद पंख्याखाली धरला. तर कागद हातातून सुटला आणि सर्रकन वर जाऊन पंख्याच्या जाळीला चिकटला! आम्ही दोघंही त्या कागदाकडं बघत बसलो. रफीक म्हणाला, "आयला दत्ता, ह्यो तर वारा वर वडतोय!"

"म्हणजे?"

"म्हंजे वारा तुझा, पर लागणार वरच्या कावळ्यास्नी."

आळी खदखदून हसली. मग जो तो सल्ला द्यायला लागला. एक म्हणाला, तारा उलट्या लागल्या. दुसरा म्हणाला, पंखाच उलटा बसला. आमची ही, म्हणजे सुमन, दारातून म्हणाली, "अहो, दुकानदार बाहेर काढतो म्हणाला ना? मग बाहेरच काढतोय की तो!"

आता हे ऐकून मी थांबायला हवं होतं की नाही? पण नाही! मी सगळ्यांसमोर तिला समजावलं. म्हटलं, "अगं, उकाडा आपल्या आपण बाहेर जाईल का? आधी वरून गार वारा आत कोंबला पाहिजे. गार वारा आत घुसला की उकाड्याला जागा उरणार नाही. मग तो जाणार कुठं? बाहेर!"

सुमननं रफीककडं बघितलं. रफीकनं पंख्याकडं बघितलं. "बोलतोय तर बरुबर वाटतंय," तो म्हणाला, "पर डोस्क्यात काय शिरना झालंय."

माझ्याही शिरत नव्हतं. पण बोलून बसलो होतो.

झालं! चौकटीसकट पंखा उतरवला आणि उलटा करून बसवला. हे होईपर्यंत दिवस मावळला. डोंगराकडून गार झुळूक सुटली होती. बटण दाबलं आणि काय सांगू! वरून असा गारेगार वारा अंगावर आला की आमची पोरं नाचायलाच लागली. शेजारच्या पारूकाकी मुद्दाम येऊन पंख्याखाली उभ्या राहिल्या, पदर सोडून वारा घेतला आणि म्हणाल्या, "आता तुझी आय येतीया बघ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध नेणाऱ्या टेम्पोवाल्याबरोबर मी मामांच्या घरी निरोप धाडला. घर गार झालंय, ये. संध्याकाळी उलट निरोप आला. आकितीच्या आदल्या दिवशी येते. घर गार असलं तर राहते, नसलं तर आल्या पावली माघारी.

आकिती म्हणजे अक्षय्यतृतीया. त्या दिवशी आमच्याकडं वाडवडिलांना नैवेद्य दाखवतात. आमचे वडील, आबा, जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती. त्यांच्या फोटोपुढं नैवेद्य आईच्याच हातचा, हे ठरलेलं. त्यामुळं ती येणार हे नक्की होतं. राहणार का, एवढाच प्रश्न.

मी जय्यत तयारी केली. बँकेत साहेबांच्या गार केबिनचं दार कायम लावलेलं असतं, हे मी पाहिलं होतं. गारवा निसटतो म्हणे! मग मी सगळ्या खिडक्या लावल्या. मागच्या दाराला कडी. फटीत फडकी कोंबली. पंखा मुद्दाम बंद ठेवला, आई आली की तिच्यासमोरच लावायचा म्हणून.

आई आली ती ऐन दुपारी. बरोबर मामाही. मी तिला हाताला धरून पंख्याच्या बरोबर खाली पाटावर बसवलं, पुढचं दार लावून घेतलं आणि म्हटलं, "आई, वर बघ!"

आणि बटण दाबलं.

वरून जो झोत आला ना, तो वारा नव्हता, वणवा होता! वैशाखातली भर दुपार, तापलेला पत्रा, आणि त्या पत्र्यावरची हवा आम्ही मोटर लावून आईच्या डोक्यावर सोडत होतो! मी घाबरलो, पण म्हटलं, आधी गरम येईल, मग गार. नव्या बोअरला नाही का, आधी गढूळ पाणी येतं?

तेवढ्यात आई खोकली. मग मामा. मग पोरं शिंकायला लागली. माझ्या डोळ्यांतून धारा. घशात कोणी निखारा ठेवल्यासारखी आग! मला काहीच कळेना. पंखा जळाला? वायर पेटली? का खरंच उकाडा बाहेर निघतोय, आणि निघताना असाच झोंबतो?

"निघतोय!" मी ओरडलो. "उकाडा निघतोय! जरा कळ काढा!"

आणि वेग कमी-जास्त करायला रफीकनं लावून दिलेलं रेग्युलेटरचं बटण मी पूर्ण फिरवलं. पंखा जोरात!

"दत्त्या, मारतुस काय रं!" आई पदर तोंडाला लावून उठली. मामा भिंत चाचपत दार शोधायला लागले. सुमन मागच्या दाराकडं धावली, पण फटीत मीच फडकी कोंबलेली, कडी निघेना. पोरं तिच्या पाठीमागं रडतायत. शेवटी मामांना पुढची कडी सापडली आणि आमचं अख्खं खानदान खोकत खोकत ओट्यावर येऊन पडलं.

मी तसाच डोळे पुसत घराला वळसा घालून मागं गेलो. बघतो तर काय? आमच्या भिंतीला लागून पारूकाकींचं अंगण. तिथं तीन दगडांची चूल, चुलीवर मोठी कढई, आणि काकी वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या परततायत! हे काम घराघरात ह्याच दिवसांत. मिरच्या परतायला घेतल्या की निम्मी आळी खोकते. पण काकी मात्र निवांत. तोंडाला पदरसुद्धा नाही! कढईतला धूर सरळ उठायचा, आमच्या पत्र्यावरच्या टोपीकडं वळायचा आणि शहाण्यासारखा आत शिरायचा.

"का रं दत्ता, डोळं का लाल?" काकी म्हणाल्या. "हितं बघ की, यंदा ठसका कसला म्हनून न्हाई! सगळा कुठं जातोय काय ठावं!"

मी आत जाऊन पंखा बंद केला. आई तोवर ओट्यावर पाणी पिऊन सावरली होती. ती उठली, आत गेली, भिंतीवरचा आबांचा फोटो काढला आणि पदरानं पुसून छातीशी धरला.

"आई, आबांना कुठं नेतेस?"

"त्यास्नी दम्याचा तरास हुता," आई म्हणाली. "उद्याचा निवद दादाकडंच दाखवीन."

सुमननंही पिशवी भरली. "पोरांचे घसे सुजलेत. मी पण जाते आईंच्या बरोबर."

मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, बोलायला गेले, पण खोकलाच आला. सगळे गाडीला गेले. पोरांनी जाताना मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

उरलो मी आणि पंखा.

संध्याकाळी रफीक आला. आम्ही दोघं परत पंख्याखाली बसलो. मग तो म्हणाला, "दत्ता, कंपनीतल्या शेडची दारं दुपारी लावलेली असत्यात का उघडी?"

मी आठवलं. मोठी दारं, सताड उघडी. खालून वारा येणार, तापलेली हवा वरून जाणार. अरे देवा! म्हणजे पहिला बसवला होता तोच बरोबर होता! म्हणजे सुमन बरोबर होती! म्हणजे त्या कागदानंसुद्धा मला खरं सांगितलं होतं!

लगेच शिडी लावली. पंखा सुलटा केला, सगळी दारं-खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपासून लावून ठेवला. दुपारी घर झाडाच्या सावलीसारखं गार झालं नव्हतं, खोटं कशाला बोलू? पण बसवत होतं. फरक होता. पण मी ते सांगणार कुणाला? ओटा रिकामा, घर रिकामं, भिंतीवर आबांच्या फोटोची चौकोनी खूण. आकितीचा दिवस आणि मी एकटाच भाताची शितं चिवडत बसलेला. मला राहवेना. ताट तसंच टाकलं आणि नसरापूरहून पुढची गाडी पकडली.

मामांच्या घरी पोचलो तेव्हा फणसाखाली सगळे जेवून निवांत बसले होते. पोरं सावलीत झोपलेली. आबा ओसरीवर, हार घालून, एकदम खुशीत. मी पायरीशी उभा राहिलो, घामानं निथळत. म्हटलं, "आई, पंखा दुरुस्त झाला. आता बरोबर चालतोय. घरात नको ते सगळं बाहेर काढतोय!"

आईनं मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"व्हय बाबा, दिसतंयच की! शेवटाला तुला काढला न्हवं?"