काकूचं खाजण आणि पौर्णिमेचा फुगा

आमच्या गावाला फुग्यांचा भारी सोस होता. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला, मिठागरं आणि भातशेतं यांच्या मध्ये आमचं गाव. त्रिपुरी पौर्णिमेला देवळापुढच्या मैदानात घराघरांचे कागदी फुगे उडायचे. फुगा म्हणजे पोरांच्या हातातला रबरी फुगा नव्हे. पतंगी कागदाचे ताव खळीने चिकटवून केलेला, माणसाहून उंच. तोंडाशी बांबूच्या कामटीची कडी आणि कडीतल्या तारेवर घासलेटात भिजवलेला चिंध्यांचा बोळा. पेंढ्याच्या जाळावर धरून आत गरम धूर भरायचा, फुगा ताठ झाला की बोळा पेटवायचा आणि सोडून द्यायचा. वर गेला तर घराण्याचं नाव, हातातच पेटला तर वर्षभर टोमणे.

आमच्या घराण्याला टोमणे सहन होत नसत. बाकी सगळं व्हायचं. थोरले काका आणि माझे बाबा वाटण्या झाल्यापासून एकमेकांशी कामापुरतं बोलत, तेही बहुतेक वेळा आमच्यापैकी कुणाला तरी मध्ये घालून. "तुझ्या बापाला सांग, बैल सोडलेत." बाप चार हातांवर बसलेला असे. धाकटे काका तेवढे दोघांशी बोलायचे, आणि मी सांगतेय त्या वर्षी पावसाळ्यात ते काविळीने गेले. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. सन साठ-पासष्टच्या पुढचा काळ, एवढंच सांगता येईल. आमच्या घरात वर्षं लक्षात ठेवायची पद्धत नव्हती, भरती-ओहोटी लक्षात ठेवायची होती.

कारण आमचं शेत खाजणातलं. खाडीच्या कडेला मातीचा बांध, बांधाच्या आत भात, बाहेर खारं पाणी. बांधाला एका जागी लाकडी दारं बसवलेली, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला दारं उचलायची म्हणजे शेतातलं साचलेलं गोडं पाणी खाडीत उतरतं. भरती लागायच्या आत दारं खाली टाकायची, नाहीतर खाडी शेतात येते. एकदा खारं पाणी बसलं की दोन-तीन पावसाळे तरी त्या मातीत भात होत नाही. पौर्णिमेला आणि अवसेला उधाणाची भरती, म्हणून त्या दिवशी उघाडीवर माणूस पाहिजेच. तिन्ही भावांच्या पाळ्या लागलेल्या होत्या.

त्रिपुरी पौर्णिमेचा नियम निराळा होता. फुगा तिघांपैकी एकाच घरातून उडायचा, दरसाल आळीपाळीने. ज्याचा फुगा त्याला त्या दिवशी पाळी माफ, बाकीच्या दोघांनी उघाडी सांभाळायची. नियम चांगला होता. भाऊ भांडत होते तोवर तो बिनबोभाट चालला.

धाकटे काका गेले तेव्हा काकूला मूलबाळ नव्हतं. तेराव्याला थोरल्या काकांनी विषय काढला की बाईमाणसाने खाजण कसं ठेवायचं, बांधावर रात्री-अपरात्री कोण जाणार. तिने माहेरी जावं हे त्यांना सरळ म्हणायचं होतं, पण म्हणाले आडून. काकू एरवी दिरांसमोर तोंड वर करत नसे. त्या दिवशी दाराआडून तिने सांगितलं की लावणी तिने आणि काकांनी मिळून केलीय, उभं पीक टाकून ती जाणार नाही. बाबा मध्ये पडले आणि ठरलं असं की एवढं एक पीक तिने काढून दाखवावं. भात घरात आलं तर वाटा तिचा आणि ती इथेच राहील. नाही आलं तर तिचा भाऊ येऊन तिला घेऊन जाईल. माझी आई नंतर बाबांना म्हणाली की पुरुषाला कुणी कधी असं पीक काढून दाखवायला सांगितलं नाही. बाबांनी उत्तर दिलं नाही. आईच्या बोलण्याला उत्तर न देणं हा त्यांचा आवडता उद्योग होता.

काकूने ते पीक काढलं म्हणजे जवळजवळ काढलंच. मी तिच्याबरोबर हिंडायचे, म्हणून मला ठाऊक आहे. पातळ गुडघ्यापर्यंत खोचून ती बांधावरून जायची, खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने लिंपायची, ओहोटीला दारं उचलायची, भरतीआधी टाकायची. पाळी कुणाचीही असो, जायची तीच. बाबा आणि थोरले काका सुरुवातीला जायचे, मग ती जातेच आहे म्हटल्यावर सुटले. त्यांची शेतं उंचवट्याला, आधी पिकणारी, त्यांचं भात दिवाळीनंतर लगेच घरात आलं. काकूचं शेत सगळ्यांत खाली, बांधाला लागून. तिचं भात मागाहून पिकायचं. पौर्णिमेच्या सुमारास ते पिवळं होऊन वाकलं होतं. दोन दिवस पाणी उतरलं की कापायला घ्यायचं ठरलं होतं, इळे धार लावून ठेवले होते.

त्या वर्षी पौर्णिमा सुट्टीची आणि तिला जोडून रविवार आलेला. मुंबईला नोकरीला असलेले आत्यांचे यजमान, त्यांची मुलं, सगळा गोतावळा दोन दिवसांसाठी येणार होता. आणि थोरल्या काकांच्या मनात आलं की या खेपेला भावाच्या नावाने सगळ्यांनी मिळून एकच फुगा करावा. पांढरा, मोठा, गावात झाला नाही असा. ते स्वतः चालत आमच्या ओटीवर आले आणि थेट बाबांशी बोलले. मधे कुणालाही घातलं नाही. आईने घाईघाईने चहा ठेवला, साखर जास्त पडली. मला आठवतं, मला रडू येईल असा आनंद झाला होता. घर जुळलं असं वाटलं.

दोन दिवस सगळं घर एका अंगणात होतं. बायका फुग्यासाठी कागदाच्या पाकळ्या कातरत होत्या, खळ शिजत होती, बाबा कामट्या तासत होते आणि थोरले काका त्यांना चुका दाखवत होते, आणि बाबा चक्क ऐकून घेत होते. काकू एका कडेला बसून कागद चिकटवत होती. तिचा हात त्या कामात फार चांगला होता. सांधा कुठे आहे ते दिसत नसे.

पौर्णिमेच्या दुपारी ती उठून उघाडीवर गेली, दारं उचलून आली. ओहोटी लागली होती, पाणी उतरवायचं होतं. संध्याकाळ व्हायला लागली तशी ती पुन्हा निघाली, आणि थोरल्या काकांनी तिला आईकरवी अडवलं. भावाच्या नावाचा फुगा, आणि त्याचीच बायको मैदानात नाही, लोक काय म्हणतील. ती आईला म्हणाली, दारं टाकायची हायत. काका म्हणाले, त्याचं आम्ही बघतो, पाळी आहे ना लावलेली. आईने तिला हाताला धरून आत नेलं आणि धुवट पातळ नेसायला दिलं.

मी मैदानातलं सगळं सांगू शकते. दोन्ही भाऊ कडी धरून उभे होते, समोरासमोर, धुराने डोळे गळत होते. फुगा आधी लोळागोळा होऊन पडला होता, मग खांद्यापर्यंत आला, मग डोक्यावर गेला. थोरल्या काकांनी बोळा पेटवला. बाबा म्हणाले, "सोड दादा." दोघांनी एकदम सोडला. तो गेला. समुद्राकडचा वारा होता, त्याने फुगा हळूहळू खाजणाकडे नेला, आमच्या शेतांवरून, बांधावरून, पुढे मिठागरांवर. सगळं घराणं माना वर करून बघत होतं. आत्या हुंदके देत होत्या. थोरल्या काकांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला होता. काकू माझ्या शेजारी उभी होती आणि फुग्याकडे न बघता खाली, शेताच्या दिशेने बघत होती. चांदणं पडलं होतं, पण इतक्या लांबून उघाडी दिसत नव्हती. तिने आईला विचारलं, दारं टाकायला कोण गेलं. आई म्हणाली, कुणीतरी गेलंच असेल, इतकी माणसं आहेत घरात. एरवी ती एकटीच जायची, पण नवरा जाऊन चार महिने झालेली बाई पाहुण्यांनी भरलेल्या घरातून सगळ्यांदेखत रात्री बांधावर कशी जाणार. ती आमच्याबरोबर जेवायला बसली.

सकाळी उजाडताना तीच पहिली गेली. तिच्या मागोमाग मी, आणि थोड्या वेळाने हाका ऐकून सगळे.

शेत नव्हतंच. गढूळ पाणी ओहोटीने परत निघालं होतं आणि जाताना उघाडीच्या दोन्ही अंगांची माती घेऊन गेलं होतं. बांधाला केवढी तरी खांड पडली होती. भात चिखलात एका बाजूला निजलं होतं, लोंब्या मातीत रुतलेल्या. पाहुणे चपला हातात घेऊन बांधावर उभे होते. एक जण म्हणाला, अरेरे. मुंबईची माणसं, दुसरं काय म्हणणार.

मग दोघा भावांचं सुरू झालं. थोरले काका म्हणाले, पाळी तुझी. बाबा म्हणाले, फुगा माझा होता, माझी पाळी माफ. काका म्हणाले, फुगा माझाही होता. दोघांचंही खरं होतं. तिघांचा एक फुगा केला, त्यामुळे पाळी तिघांनाही माफ झाली, आणि हे आदल्या दिवशी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. रात्रीच्या प्रेमाचं नाव राहिलं नाही. थोरल्या काकांनी भावाच्या अंगावर हात उगारला तेव्हा काकू मध्ये बोलली. दिरांसमोर ती उघड बोललेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"दारं मीच उघडली व्हती," ती म्हणाली. "माझी चूक म्हना नि गप ऱ्हावा."

आणि ते गप राहिले. मला त्या गोष्टीचा आजही संताप येतो. ती एवढं मोठं काहीतरी पुढे करत होती, आणि या दोघांनी ते चहाचा कप घ्यावा तसं घेतलं. बाबा खाली बघत घरी आले. पुढे घरात त्या दिवसाचा विषय निघाला की सगळे म्हणत, धाकटीने दारं उघडी टाकली. हळूहळू माझी आईसुद्धा तसंच म्हणायला लागली.

खांड लगेच बुजवली असती तर थोडंफार वाचलं असतं. पण तिथे आता कुणाचंच पीक नव्हतं. झोडणी उरकू दे, मग बघू, असं करता करता पुढच्या अवसेचं उधाण आलं आणि पाणी आणखी आत गेलं. माती पांढरी पडली. काकूचा भाऊ होडीने खाडी ओलांडून आला, ठरल्याप्रमाणे. ती जाताना आईने तिची ओटी भरायला तांदूळ घेतले आणि मग आठवण होऊन ठेवून दिले. विधवेची ओटी भरत नाहीत. काय द्यावं ते न सुचून आईने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. ती दोन घोट प्यायली आणि निघाली.

त्यानंतर मी तिला पाहिलं ते माझ्या लग्नाच्या आधी. सत्तरची दोन-चार सालं उलटली होती. मी भाईंदरला एका कारखान्याच्या कचेरीत नोकरी करत होते. खाजणाची खांड कधी बुजलीच नाही. थोरल्या काकांनी ती जमीन मिठागरवाल्याला देऊन टाकली होती आणि बाबांनी विरोध केला नव्हता. मी काकूला आमंत्रण द्यायला तिच्या माहेरी गेले. भावाच्या घराच्या मागच्या पडवीत ती राहत होती. भावजय गोड बोलत होती आणि दर दोन वाक्यांनी काकूला एकेक काम सांगत होती. काकू चाळिशीचीही नव्हती, पण हातपाय म्हातारीचे झाले होते.

भावजय आत गेली तेव्हा तिने मला जवळ बसवलं. नवरा काय करतो, सासू कशी आहे, सगळं विचारलं. मग म्हणाली, "बाय, एक सांगशील? त्या दिसाला पाळी कुनाची व्हती?"

मी तिला नियम सांगितला. फुगा सगळ्यांचा, म्हणून सगळ्यांना माफ. म्हटलं, "कुणाचीच नव्हती काकू. मुद्दाम नाही केलं कुणी. कुणाच्या लक्षातच आलं नाही." तिचं मन जरा हलकं होईल, अशी माझी समजूत.

मग तिने सांगितलं की इतकी वर्षं ती धरून चालली होती की दोघा भावांनी ओटीवर बसून ठरवलं असणार. तिचं शेत त्यांना खुपत होतं, तिची भीती होती, ती पीक काढून दाखवणार हे दिसत होतं, म्हणून त्यांनी दारं उघडी ठेवली. कोण काय बोललं असेल तेही तिने मनात घोळवून ठेवलं होतं. दळताना, भांडी घासताना ती त्यांना शिव्या द्यायची. तेवढ्यावर दिवस जात.

"आनि तुमाला माझी आठवनच नवती," ती म्हणाली.

आतून भावजयीने हाक मारली, भात टाकायला सांगितलं. काकू हो म्हणाली, आणि तिथेच बसून राहिली. भावजयीने दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली, तरी ती उठली नाही. शेवटी भात मीच टाकला.